पाऊण तासाची बैठक

दादा, तू गेल्यापासून मला एकच प्रश्न छळत होता. त्या सकाळी तू कुठपर्यंत पोचला होतास?

मैदानात कुठपर्यंत, ते नव्हे. ते मला सगळ्यांनी न विचारता सांगितलं: पाण्याच्या टाकीजवळचा कट्टा, कडुलिंबाखाली, पाठ टेकलेली. मला कानातलं हवं होतं. कानात तेव्हा काय चाललं होतं? अभंग? गवळण? गजर सुरू झाला होता का? भेटायला येणारी माणसं रीतीप्रमाणे विचारत होती, छातीत दुखलं होतं का, काही बोलला का, कोणाचं नाव घेतलं का. मी मान हलवत होते आणि मनात गजराशी अडकले होते. तुला ठाऊकच आहे, मला प्रत्येक गोष्टीचं कारण नि ठिकाण लागतं. आई म्हणायची, ही पोरगी नैवेद्य दाखवायच्या आधी देवाला विचारेल, भूक आहे का म्हणून. तू असतास तर म्हणाला असतास, "गो शालू, मेल्यावर तरी उलटतपासणी नको."

पण तू नाहीस, म्हणून विचारायची सोय झाली आहे.

हे सगळं त्या काडेपेटीएवढ्या डब्यापासून सुरू झालं. खरं तर त्याच्याही आधी, फोनपासून. बायपासनंतर डॉक्टरांनी तुला चालायला सांगितलं, आणि तुला चालायचं नव्हतं. तुला बारीला बसायचं होतं. उभा जन्म तू डबलबारीत काढलास: समोर दुसरा बुवा, त्याची पेटी, त्याचा मृदंग, त्याचे टाळकरी, आणि दोघांत कोण भारी ह्याचा निकाल लावायला सगळी वाडी जमलेली. छातीवरचे टाके ओले होते तेव्हाच तू डॉक्टरांना विचारलंस, "परत कधी बसू?" त्यांना वाटलं तू खुर्चीत बसण्याबद्दल विचारतोयस. मग वहिनीनं त्यांना बारी म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, सलग पाऊण तास, न थांबता, न धापता चालून दाखवा. मग बसा बारीला. त्याच्या आधी नाही.

झालं, तू चालायला लागलास. म्हणजे घरातून निघायला लागलास. घोडपदेवच्या त्या मैदानात तू फोन खिशात घालून जायचास आणि फोन तुला चालू द्यायचा नाही. भजनी मंडळाची अर्धी भांडणं तुझ्या फोनवरून मिटायची. कोणाचा ताल चुकला, कोणी कोणाच्या आधी उठला, कुठल्या गावची सुपारी घ्यायची. पहिली घंटी वाजली की तू झाडाखाली उभा. फिजिओच्या मॅडमनी विचारलं, "काका, आज किती वेळ चाललात?" तर म्हणालास, तास झाला. वहिनी मागून म्हणाली, "तास बोलले. चालले ते एक शिंक यायला लागते तेवढंच."

त्या मॅडम वयानं माझ्या मुलीएवढ्या, पण खमक्या. त्यांनीच सांगितलं, फोन घरी ठेवा, आणि नुसतं गाणी वाजवणारं काहीतरी घ्या, तालावर पाय आपोआप पडतात. तुला तो 'ताल' शब्द ऐकूनच हुशारी आली.

लॅमिंग्टन रोडची ती दुपार मी विसरणार नाही. तू इस्त्रीचा शर्ट घालून निघालास, लग्न ठरवायला निघाल्यासारखा. तीन दुकानांत आपल्याकडे दयेनं बघितलं गेलं. चौथ्यात तो माणूस म्हणाला, "चाचा, आजकल ये कौन लेता है? मोबाईल में सब कुछ है."

"मोबाईल में सब कुछ है, वोही तो लोचा है," तू म्हणालास. त्याला ते इतकं पटलं की त्यानं स्टूल दिलं.

मग त्यानं मागच्या खणातून धूळ झटकून दोन-तीन नग काढले आणि तुझ्या कानात कसलं तरी धडाडधूम वाजवलं. तू डोळे मिटून मान हलवलीस, नाही म्हणून. "मृदंग लगाव." त्यानं बिचाऱ्यानं फोनवर शोधून एक भजन काढलं, त्या डब्यात भरलं. पुन्हा तुझी मान नाही. इअरफोन बदलले. परत नाही. "इसमें डावा हाथ नहीं है." तो गोंधळला. तू आणखी मोठ्यानं, "लेफ्ट हँड! बजानेवाले का लेफ्ट हँड किधर गया?" आणि तो माणूस खरोखरच काउंटरखाली वाकून बघायला लागला, दादा. मला हसू आवरेना. मग मीच त्याला सांगितलं की मृदंगाच्या डाव्या बाजूचा खर्जातला घुमारा ह्या स्वस्त इअरफोनांत ऐकू येत नाही, आणि ह्यांना तोच पाहिजे, कारण पाय त्यावर पडतो. त्यानंतर त्यालाही चेव आला. एकेक जोडी आधी स्वतःच्या कानात घालून बघायचा, तुझ्या कानात घालायचा, शेवटी एक जाडसर वायरवाली जोडी निघाली आणि तू डोळे उघडून म्हणालास, "आया." त्यानं शेजारच्या दुकानदाराला हाक मारून तो डावा हात ऐकवला.

डबा मात्र पोपटी किंवा गुलाबी, दोनच रंग उरले होते. पडदा नाही, आकडे नाहीत. मागे चिमटा, पुढे चार बटणं, आणि कडेला नखानं सरकवायची एक बारीकशी खिट्टी: एकीकडे केली तर गाणी ओळीनं वाजणार, दुसरीकडे केली तर उलटसुलट. तू पोपटी घेतलास आणि तिथेच कॉलरला लावलास.

त्या पोपटी डब्यानं चाळीत काय खळबळ उडवून दिली! बुवांच्या काळजाला मशीन बसवलंय, त्याची वायर कानात काढलीय, म्हणजे ठोके चुकले की त्यांना आधी कळतं. टोकाच्या खोलीतल्या आजींनी वहिनीला बाजूला घेऊन विचारलं, "रोज चार्ज करावं लागतं का गो?" वहिनी म्हणाली, हो, रोज. खोटं काय बोलली?

आत काय भरायचं ह्यावर तुझं उत्तर तयार होतं. मोठ्या बुवांच्या बाऱ्या, तुझ्या गुरूंच्या. तुमच्या मंडळात मृदंग वाजवणाऱ्या बाबलनं जुन्या कॅसेटींवरून त्या करून घेतल्या होत्या. मी म्हटलं, तुझ्या पण घालते दोन-चार. तर म्हणालास, "स्वतःचो आवाज आयकत कोण चलता? आरसो समोर ठेवन जेवल्यासारखा." ऑफिसात कॉम्प्युटर आला तेव्हा सगळ्यात आधी मीच त्याच्यापुढे बसले होते, त्यामुळे हे काम माझ्याकडे. मी बाऱ्यांचे तुकडे केले. स्तवन वेगळं, रूपाचा अभंग वेगळा, गवळण, गजर, भैरवी, सगळं सुटं सुटं. आणि खिट्टी उलटसुलटकडे सरकवून ठेवली. त्याला कारण होतं. ओळीनं लावलं की तो डबा दर वेळी पहिल्यापासून सुरू व्हायचा, म्हणजे रोज तेच संथ स्तवन आणि तुझी चाल पालखीच्या मागची. म्हटलं, जरा बदल असला की पाय उचलेल.

पुढच्या रविवारी मी शीवहून बसनं आले. स्टॉपवर उतरते तर समोरून तू घरी येतोयस.

"झालं?"

"झाला."

"एवढ्यात? आत्ता तर गेलास म्हणाली वहिनी फोनवर."

"भैरवी झाली," तू म्हणालास. इतक्या सहज, जसं कोणी म्हणावं की पाऊस आला.

मला कळायलाच वेळ लागला. उलटसुलट वाजता वाजता दुसऱ्याच नंबरला मोठ्या बुवांची भैरवी लागली होती, आणि भैरवी झाली म्हणजे बैठक संपली, म्हणजे उठायचं, म्हणजे घरी. मग चौकशी केली तर रोज हेच. भैरवी उशिरा आली त्या दिवशी तू अर्धा तास चालायचास, लवकर आली की दूध घेऊन परत. मी रस्त्यातच हसत सुटले. म्हटलं, यंत्राचा एवढा मान?

"यंत्राचो नाय गो. भैरवीचो."

मग आपली जुंपली. मी म्हटलं, भैरवीनंतर दुसरं काही गाऊ नये हे ठीक. पण चालू नये असं कुठल्या शास्त्रात आहे? तू म्हणालास, तिच्यामागून कानात गवळण लागते, ते कसं ऐकायचं. मी म्हटलं, बंद कर आणि चाल. तू म्हणालास, बंद केलं की पाय पण बंद होतात. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ते तुला बघूनच म्हणत असतील. मला राग आला होता, दादा, खरा राग. बारीला बसायचं तुला, पाऊण तास हवा तुला, आणि एका रागिणीपायी तू रोज आपल्या हातानं तो मोडत होतास. पण त्या रागाखाली मला आणखी काहीतरी वाटत होतं, त्याला मी कुतूहल म्हणेन. मैदानात कोणी बघत नाही, कोणी ऐकत नाही, मंडळ नाही, श्रोते नाहीत. तरी माणूस नियम पाळतो तो कोणासाठी?

मी काय केलं ते तुला माहीत आहे. डबा घरी नेला आणि सगळ्या भैरव्या काढून टाकल्या. न सांगता. ह्याचा मला तेव्हाही पश्चात्ताप झाला नाही, आजही नाही. तुझ्यासारख्याला सांगून काही करता येत नसे.

दुसऱ्या दिवशी वहिनीचा फोन, अजून आले नाहीत. मी टॅक्सी, बस, मिळेल ते करत आले. तू मैदानात चालत होतास. शर्ट पाठीला चिकटलेला, चेहरा लाल, आणि तू फेऱ्यांमागून फेऱ्या घालत होतास. मला बघून थांबलास नाहीस, चालता चालताच ओरडलास, "भैरवी खय गेली?"

मी तुझ्या बरोबरीनं चालत म्हटलं, काढली. थांब आता.

"थांबू कसो? पंगतीत ताक इल्याबिगर कोण उठता काय?"

शेवटी मी तुझ्या कानातून वायर खेचली तेव्हा तू थांबलास. मग कट्ट्यावर बसून तू माझ्याशी बोलला नाहीस आणि मी तुझ्याशी. घरी आल्यावर वहिनीनं दोघांना लिंबूपाणी दिलं. ती एवढंच म्हणाली की तुमच्या आईनं तुम्हाला एकाच चिकणमातीतून केलंय.

भैरवी परत घातली. ह्या वेळी खिट्टी ओळीकडे. मला वाटलं, सुटला गुंता. पण मोठ्या बुवांची एक अख्खी बारी म्हणजे दोन-अडीच तासांचा ऐवज. तू पाऊण तासाच्या आतच दमून कट्ट्यावर बसायचास आणि पुढचं सगळं बसून ऐकायचास, भैरवी येईपर्यंत. अर्ध्यातून उठणं म्हणजे गाणाऱ्याचा अपमान. चालण्याचा व्यायाम होता तो ऐकण्याचा झाला. वहिनीला भाजी एकटीनं आणावी लागायला लागली.

हे सगळं गाऱ्हाणं मी फिजिओच्या मॅडमपुढे घातलं, तुझ्या देखत. वाटलं, त्या तुला फैलावर घेतील. त्यांनी हसू दाबलं आणि कागद ओढून त्यावर एक टेकडी काढली. म्हणाल्या, "काका, हे बघा. सुरुवात सावकाश, अंग गरम होईपर्यंत. मग थोडं वाढवायचं. इथे वर सगळ्यात जास्त वेग, घाम आला पाहिजे. आणि मग एकदम थांबायचं नाही. हळूहळू उतरायचं, श्वास जागेवर येईपर्यंत. एकदम थांबलं की हृदयाला त्रास होतो."

तू त्या टेकडीकडे बघत राहिलास. मग माझ्याकडे वळलास, डोळे चमकत होते.

"शालू, ह्या तर आमचाच आसा!"

आणि तू त्यांना सांगायला लागलास, टेबलावर बोटं वाजवत. हे स्तवन, ठाय लयीत. हा रूपाचा अभंग, थोडी वाढली लय. ही गवळण, पाय थिरकायला लागतात. हा गजर, इथे घाम, टाळकरी उभे राहतात, बुवाचा गळा सुटतो. आणि मग भैरवी, सगळ्यांना खाली जमिनीवर आणून सोडायला. मॅडम पेन हातात धरून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे तुमची भैरवी हाच आमचा कूल डाऊन." ते नाव तुला आवडलं नाही, पण तुझा जुना ठेका कोणीतरी शिकल्यासवरल्या भाषेत मान्य केला ह्याचा आनंद तोंडभर होता. मला तर वाटलं, इतकं उघड होतं, मग आपल्याला एवढे दिवस का नाही दिसलं? मोठी बारी तशीच ठेवून तिच्यातून पळवाटा शोधत बसलो. लहान बैठक लावावी हे दोघांच्याही डोक्यात नाही आलं.

त्या शनिवारी दुपारी आपण तुझ्या खोलीत बसलो. माझ्या मांडीवर लॅपटॉप, तुझं बोट गुडघ्यावर ताल धरून. पाऊण तासात बसेल अशी एक बैठक. एक स्तवन, एक अभंग, एक गवळण, एक गजर, एक भैरवी. तू एकेक ऐकायचास आणि मध्येच उठून खोलीतल्या खोलीत चालून बघायचास, पलंगापासून मोरीपर्यंत नि परत, की ह्याच्यावर पाय पडतो का. वहिनी पाय आवरून पलंगावर बसली होती. इतक्या आनंदात मी तुला क्वचित बघितलंय. चहा झाला, परत चहा झाला, आणि मला कळत होतं की आपण भावंडं असं एका कामाला किती वर्षांनी बसलोय. तेव्हा म्हटलं नाही. आता म्हणते, ती दुपार दिलीस म्हणून तुझे फार उपकार आहेत माझ्यावर.

भांडण गवळणीवर झालं, होणारच होतं. मला ती हवी होती जी आई तांदूळ निवडताना म्हणायची. मोठ्या बुवांनीही ती एका बारीत म्हटली होती. तू ऐकलीस, दोनदा चालून बघितलीस, आणि म्हणालास, नको.

"का नको?"

"तिच्यार पाय पडणत नाय गो. हात पडतत."

मी म्हटलं, तुला आईचं काही नको असतं. तू म्हणालास, तुला चालायचं काही कळत नाही. शेवटी तुझी गवळण गेली आत, आणि तू समजूत घालायला म्हणालास, पुढच्या महिन्यात बदलूया, तुझी घालूया. तो पुढचा महिना आला नाही. तो वाद मी उघडाच ठेवलाय, दादा. माझंच बरोबर होतं.

पण तू चाललास. दुसऱ्या आठवड्यापासून रोज. स्तवनाला मैदानाच्या फाटकातून आत, गजराला टाकीच्या बाजूची चढाची वाट, भैरवीला सावकाश कट्ट्याकडे. मैदानातली माणसं तुझ्या चालीवरून घड्याळ लावायला लागली. डॉक्टरांनी तपासलं, समोर चालवलं, यंत्रावर चालवलं, आणि म्हणाले, बसा. लालबागची बारी ठरली, दिवाळीनंतरची. समोरचा बुवा तरणाबांड, आणि तू त्याला काय काय ऐकवणार ते मला फोनवर रोज ऐकवत होतास. मी म्हणायचे, फार उड्या मारू नको. एक सांगायचं राहून गेलं. आयुष्यभर मी तुझ्या बाऱ्यांतून शेवटची बस आहे म्हणून मध्येच उठत आले. ह्या बारीला मी शेवटपर्यंत बसणार होते. वहिनीकडे मुक्कामाची पिशवी पण देऊन ठेवली होती.

बारी तोंडावर आली आणि तू त्या कट्ट्यावरून उठला नाहीस.

डबा मला मिळाला तो वहिनीनं दिला म्हणून. मी बटण दाबलं, तर स्तवन. अर्थात. बंद झाला की पुन्हा पहिल्यापासून, हे आपल्याला आधीच माहीत होतं. त्याला विचारून काही कळणार नव्हतं. मी वेळेचा मेळ घालायचा प्रयत्न केला, घरातून कधी निघालास, कोणी कधी बघितलं. पण प्रत्येक जण वेगळं सांगत होता. बाबलला मी विचारलंच नाही. तो तिथे होता, त्यानं तुला खांद्याला धरून हलवलं होतं, एवढं कळलं होतं. त्याच्या तोंडून पुढचं ऐकायचा धीर माझ्यात नव्हता. आणि एका बाजूला मला तेच जाणून घ्यायचं होतं. तू गजरात असताना थांबलास का? टेकडीच्या माथ्यावर? मॅडम म्हणाल्या होत्या, एकदम थांबायचं नाही.

तेराव्याच्या संध्याकाळी मंडळ आलं. तुझी पेटी मध्ये, तिच्यावर तुझा धाकटा गुरुबंधू. खोलीत मावले तेवढे आत, बाकीचे गॅलरीत. स्तवन झालं, अभंग झाला. गजराला टाळकरी उभे राहिले, भिंतीवरची भांडी वाजायला लागली, खालच्या मजल्यावरची माणसं जिन्यात येऊन बसली. वहिनीनं पदर तोंडाला लावला होता, पण तिचा पाय ताल धरत होता. मी दारात उभी होते. गजर संपला, सगळ्यांनी दम घेतला, आणि बाबलनं मृदंगावर हात सारखा केला, भैरवीसाठी.

"भैरवी नको," मी म्हटलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी, जिनं आयुष्यभर ह्या नियमाची टर उडवली. मला माझाच आवाज अनोळखी वाटत होता. मी म्हटलं, त्याची बारी झालीच नाही. बसायचं होतं, सगळं केलं त्यानं, आणि बसायचा राहिला. ज्याची बैठक झालीच नाही त्याची भैरवी कशी म्हणता? आज राहू दे. उघडी राहू दे.

पेटीवरचा हात तसाच राहिला. मग बाबलनं विचारलं, अगदी साधं, खरोखरच अडचण पडल्यासारखं, "ताई, मगे आमी उठूचा कसा?"



तो मृदंगावरून पुढे वाकला. "आणि बारी झाली नाय असा कोण म्हणता? तो रोज सकाळी आख्खी बैठक पुरी करून घराक येय. रोज. त्या दिवशीसुद्धा. मी होतंय थय. तो कट्ट्यार येवन बसलो, कानातली वायर काढल्यान, माका म्हणालो, 'झाली रे.' मी म्हटलंय, चाय सांगतंय. सांगून परत इलंय तर..." त्यानं हात हलवला. "पण झाली होती, ताई. पुरी झाली होती. मगेच तो टेकलो."

झाली होती. म्हणजे गजर झाला होता, उतार झाला होता, श्वास जागेवर आला होता. तुझं काही अर्ध्यात तुटलं नव्हतं. तुला ऐकणारं मैदानात कोणी नव्हतं, समोर बुवा नव्हता, तरी तू रोज बारीला बसत होतास, आणि तू तिची भैरवी ऐकूनच थांबलास. इतके दिवस जो प्रश्न मी सगळ्या जगाला विचारत होते त्याचं उत्तर बाबलकडे होतं, आणि मी तेवढ्या एकालाच विचारलं नव्हतं. मला रडू आलं, दादा. सगळ्यांदेखत, मोठ्यानं. पहिल्यांदाच.

माझं रडणं ओसरेपर्यंत मंडळ थांबलं. कोणी चुळबुळ केली नाही, कोणी पाणी पुढे केलं नाही. मग मी डोळे पुसले आणि बाबलला म्हटलं, "म्हणा."

त्यांनी भैरवी म्हटली. मी दारातून आत येऊन वहिनीशेजारी बसले आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. ती संपली. टाळ पिशवीत गेले, पेटीवर कापड पडलं, माणसं गुडघ्यांवर हात ठेवून एकेक करून उठली. वहिनी उठली. मग मीही उठले, दादा.